ओर्पाच्या रक्तातला चुना

ओर्पाचे दात जसजसे पांढरे होत गेले, तसतशी तिच्या ओट्यावरची वर्दळ कमी होत गेली. आमच्या तिमोरच्या डोंगरात पांढऱ्या दातांची बाई म्हणजे एक तर शहरातून आलेली, नाहीतर कुणावर तरी रुसलेली. ओर्पा दोन्ही नव्हती. ती आजारी होती, आणि तिच्या आजाराला आम्ही सगळ्यांनी मिळून चुकीचं नाव देऊन ठेवलं होतं.

मी तबिता, तिची शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. तिच्या घराच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक चिंच आहे, तिच्या सावलीवरून आमची पहिली दोन वर्षं भांडण्यातच गेली. माझी जीभ तिखट म्हणून मी गावात बदनाम आहे, पण ओर्पापुढे मी म्हणजे अगदीच मवाळ. मागावर बसून ती विणायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही ऐकवायची. लोकही ऐकून घ्यायला थांबायचे, कारण ऐकवून झालं की ती पानाची टोपली पुढे सरकवायची. तिच्या हातच्या विड्याला तोड नव्हती. सुपारी, पानवेलीचं बोटाएवढं कणीस आणि चिमूटभर चुना, एवढंच तर असतं. पण चुना किती हे तिला समोरच्याच्या तोंडाकडे बघून कळायचं.

तिचा थोरला भाऊ येरमियास. पलीकडच्या डोंगराच्या धारेवर त्याचं गाव. रविवारी चर्च सुटलं की तो काठी टेकत उतरायचा, पुन्हा चढायचा आणि ओर्पाच्या ओट्यावर येऊन बसायचा. ओर्पाचा नवरा गेल्यापासून त्याचा एक रविवार चुकला नाही. त्याचे दात कधीच पडून गेले होते. म्हणून ओर्पा त्याच्यासाठी छोट्या खलबत्त्यात सुपारी कुटायची, अगदी पीठ होईपर्यंत, आणि त्या ठकठकीवरून आम्हाला कळायचं की म्हातारा आला.

"दादा, दात कुठे ठेवून आलास?" ती दर वेळी विचारायची.

"तुझ्या सासरच्यांनी लग्नात जी म्हैस दिली ना, तिचं मटण चावता चावता गेले. फार चिवट होती. तुझ्यासारखीच."

"मग गिळायची होतीस तशीच."

"ते तुझ्या नवऱ्याला जमलं, मला कुठलं जमायला."

आणि मग दोघंही हसायची, लाल तोंडानं. हा विनोद मी कितीदा ऐकला असेल, तरी हसायचे. आता वाटतं, तेव्हा जरा जास्तच हसून घ्यायला हवं होतं.

आजार कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, कारण तो आजारासारखा आलाच नाही. आधी तहान आली. ओर्पा घडाभर पाणी प्यायची आणि पुन्हा तोंड कोरडंच. मग थकवा. मग पोट साफ होईना. मग हाडं दुखायला लागली, कुठलं एक हाड नव्हे, सगळीच. मागावर बसायची आणि नक्षी विसरायची. जी नक्षी तिच्या आईने तिला शिकवली होती, जी ती डोळे मिटून विणायची, ती उसवून पुन्हा विणायची आणि पुन्हा चुकायची. एकदा मी म्हटलं, "ओर्पे, ही मगर आहे की घोरपड?" नेहमीची ओर्पा असती तर मला चांगलं सुनावलं असतं. या ओर्पाने माग गुंडाळला आणि ती घरामागच्या गोल झोपडीत, चुलीच्या धुरात जाऊन बसली. तिथे ती दिवसच्या दिवस बसून राहू लागली. माणसांचा तिला कंटाळा यायला लागला, माझासुद्धा. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणी म्हणालं पितर नाराज आहेत, कुणी म्हणालं करणी आहे. चर्चचे पाळक येऊन प्रार्थना करून गेले.

मग पाठीत अशी कळ उठली की ती जमिनीवर लोळायला लागली, आणि आम्ही तिला सोए शहरातल्या दवाखान्यात नेलं. मूतखडा निघाला. रक्त तपासलं. तिथला डॉक्टर जावाहून आलेला होता, कोवळा, गोड बोलणारा, घरच्या आठवणीने सुकलेला. त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण त्याच्या तोंडून एक शब्द निघाला आणि त्या शब्दाने आमचा घात केला.

डॉक्टर-मास्तर बोलतात त्या सरकारी भाषेत कॅल्शियमला चुन्याचं सत्त्वच म्हणतात. हाडातलं असो, दुधातलं असो, नाव तेच. तो डॉक्टर कागद बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या रक्तात चुना फार वाढलाय."

त्याबरोबर वॉर्डातल्या सगळ्यांच्या नजरा ओर्पाच्या मांडीवर गेल्या. मांडीवर तिची पिशवी होती, आणि पिशवीतून चुन्याची बांबूची नळी डोकं बाहेर काढून बसली होती. डॉक्टरनेही तिकडे बघितलं. मग तिच्या लाल ओठांकडे बघितलं.

"किती खाता दिवसातून?"

"मोजतं कोण? तोंड रिकामं झालं की खाते."

"मग झालंच ना. हाच चुना रक्तात उतरतोय. मूतखडा त्याचाच, थकवा त्याचाच. आजपासून बंद. एक चिमूटही नाही. नाहीतर दोन्ही मूत्रपिंडं जातील."

मला पटलं. तिला पटलं. न पटण्यासारखं काय होतं त्यात? बाई चुना खाते, बाईच्या रक्तात चुना सापडतो. नुसत्या एका शब्दाने आम्हाला असा चुना लावला की बस.

ओर्पाने टोपली माळ्यावर, मक्याच्या कणसांच्या मागे टाकली. नळी चुलीत घातली. ती एकदा ठरवलं की ठरवणारी बाई. तिला जगायचं होतं. देल्सीचं, तिच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न व्हायचं होतं. पहिले काही दिवस ती वेड्यासारखी तोंड चालवत राहिली, रिकाम्या तोंडाने.

पान सोडणं म्हणजे काय हे जो पान खात नाही त्याला सांगून कळणार नाही. आमच्याकडे कुणी कुणाशी नुसतं बोलत नाही. आधी टोपली पुढे येते, मग शब्द. पाहुणा आला, ओर्पाकडे टोपली नाही. ती कुणाकडे गेली, टोपली पुढे आली, तिने मान हलवली. आजारी आहे म्हणून लोक समजून घ्यायचे, पण समजून घेणारं माणूस फार वेळ बसत नाही. येरमियास मात्र येत राहिला. तो स्वतःची टोपली आणायचा, कुटायला कुणी नाही म्हणून सुपारी नुसतीच गालात धरून बसायचा. ओर्पा सुपारीला हात लावायला घाबरायची. "हाताला चुना लागला तर?" म्हणायची. तो म्हणायचा, "बरं. राहू दे." त्यालाही ते लागत असणार. चेहऱ्यावर दिसायचं.

बरं, एवढं करून ती सुधारली का? नाही. हाडं दुखायचीच. तहान तशीच. मन तर आणखी काळवंडलं. आम्ही म्हणायचो, इतक्या वर्षांचा चुना, असा लगेच कुठला उतरायला.

मग देल्सीला मागणी आली. मुलगा कुपांग शहराचा, मालट्रक चालवणारा, हसरा. त्याची माणसं टोपली घेऊन आली. आमच्यात मुलीचा मामा म्हणजे मुलीचं मूळ. तो हो म्हटल्याशिवाय मुलगी कुठे जात नाही, आणि तो बोलायच्या आधी त्याने आणि मुलीच्या आईने एका टोपलीतलं पान, एकाच नळीतला चुना खायचा. भाऊ-बहिणीचं तोंड एक झालं, की मग तो बोलतो ते दोघांचं असतं.

येरमियास नवीन सदरा घालून आला होता. सगळे बसले. त्याने स्वतःच्या हाताने विडा केला, चुना अगदी कणभर, आणि बहिणीपुढे धरला.

"ओर्पे, आज एवढं घे."

ओर्पाने मान हलवली.

"अगं नखाएवढा चुना आहे. जिभेला लाव आणि थुंकून टाक."

"नको, दादा."

"पोरीसाठी तरी. एकदाच."

त्या दिवशी सकाळपासून तिची हाडं ठणकत होती. रात्रभर झोप नव्हती. मुलाकडचे बघत होते, देल्सी बघत होती, येरमियासचा हात पुढे तसाच होता. ओर्पा एकदम ओरडली, "सांगितलं ना नको म्हणून? तुझ्या पानाने मरू का मी?"

 माझ्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

आमच्याकडे विष द्यायचं असेल तर पानातून देतात. करणी करायची असेल तर ती पानातून. पान नाकारलं तर त्याचा अर्थ राग. पण तुझ्या पानाने मी मरेन, असं म्हटलं तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो तिने चार परक्या माणसांसमोर सख्ख्या भावाला ऐकवला. तिच्या मनात तसं काही नव्हतं. तिला मूत्रपिंडं म्हणायची होती, डॉक्टर म्हणायचा होता. पण शब्द तेच निघाले.

येरमियासने विडा टोपलीत परत ठेवला, झाकण लावलं, काठी घेतली आणि उतरून गेला. मी त्याच्या मागे चिंचेपर्यंत गेले. "आजारी आहे ती, मनावर घेऊ नका," मी म्हटलं. तो म्हणाला, "आजाराने नक्षी विसरते, तबिता. हे नाही विसरत कुणी." आणि गेला.

मामा उठून गेला म्हटल्यावर मुलाकडचेही उठले. तरी मुलगा भला, त्याने देल्सीला सोडलं नाही. ती त्याच्याबरोबर कुपांगला गेली, त्याच्या आत्याकडे राहू लागली, लग्नाविना. इथली ना तिथली. मामाने बोलायचं बाकी होतं.

रविवार आला, येरमियास आला नाही. ओर्पाने निरोप पाठवला. उलट निरोप आला, "तिच्या घरी माझं पान चालत नाही." तिच्या पायांत धार चढायचं बळ नव्हतं. मी म्हटलं, मोटारसायकलवर बसवून नेते. म्हणाली, बरं वाटू दे, मग जाऊ. दुखत असताना माझ्या तोंडाचा भरवसा नाही, म्हणाली. आम्ही बरं वाटायची वाट बघत बसलो. पावसाळा सरता सरता येरमियासला ताप आला आणि तो गेला. इतका झटपट की निरोप आला तो मेल्याचाच.

मयताला मी तिला घेऊन गेले. टोपली सगळ्यांपुढून फिरली, पोरंसोरंसुद्धा घेत होती. ओर्पाजवळ आल्यावर येरमियासच्या थोरल्या मुलाने, निकोने, ती तिच्या डोक्यावरून माझ्याकडे दिली. "आत्याला नको," तो म्हणाला. "आत्याला आमच्या पानाचा त्रास होतो." मी टोपली घेतली नाही. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचा बाप समोर पडला होता.

त्यानंतर ओर्पा जवळजवळ बोललीच नाही. एकदा ओट्यावरून उतरताना तिचं मांडीचं हाड मोडलं. पडली नाही, घसरली नाही, नुसती उतरली आणि हाड मोडलं. यावेळी सोएच्या दवाखान्याने तिला थेट कुपांगला पाठवलं.

तिथली डॉक्टरीणबाई रोटे बेटावरची, ठेंगणी, घाईत बोलणारी. तिने हाडांचे फोटो उजेडासमोर धरले. वाळवी लागल्यासारखी हाडं. मग रक्ताचे कागद बघितले.

"मावशी, चुना कधी सोडला?"

"वर्ष झालं," ओर्पा म्हणाली.

"चोरून वगैरे?"

"बाई, हिने पान सोडलं तेव्हा भाऊ सोडला," मी म्हटलं. "चोरून खायचं काय घेऊन बसलात."

 डॉक्टरीणबाई कागद खाली ठेवून म्हणाली, "माझी आई डोळे उघडल्यापासून पान चघळते. चुन्याने असं होत असतं, तर आमचं अर्धं बेट या खाटांवर पडलं असतं. आणि वर्षभर चुना बंद, तरी रक्तात तेवढाच. मग हा येतो कुठून?"

इतका साधा प्रश्न. वर्षभरात तो कुणालाच पडला नव्हता.

तिने रक्त जावाला पाठवलं, कसलंसं संप्रेरक मोजायला. गळ्याची सोनोग्राफी केली. ती करणारा डॉक्टर म्हणाला, गळ्यात काही नाही, थोडी चरबी आहे, या वयात असतेच. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अंगावर मूठभर मांस नाही या बाईच्या. गळ्यात चरबी कुठून आली?" पण हातात काही नव्हतं म्हणून ती थांबली. जावाचा कागद आला तेव्हा ती स्वतः येऊन खाटेवर बसली. देल्सी आली होती, आईचे पाय चेपत होती.

"थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात," ती म्हणाली. "पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तात चुना किती ठेवायचा ते त्या बघतात. बाहेरून चुना जास्त आला, तर त्या गप्प बसतात. तुमच्या गप्प नाहीत. एक तर नुसती बोंबलतेय. तिथे गाठ आहे, आणि ती तुमच्याच हाडांतून चुना काढून रक्तात ओततेय. कॅन्सर नाही, साधी गाठ आहे. काढली की झालं."

देल्सी रडायला लागली, आनंदाने. मीही देवाचं नाव घेतलं. ओर्पा छताकडे बघत होती.

"म्हणजे पानाचा चुना नव्हता तो," ती म्हणाली.

"नाही."

"नखाएवढा घेतला असता, एकदाच, तर?"

"काही झालं नसतं. पान तोंडाला वाईटच, ते मी आईलाही सांगते. पण या रोगात त्याने काही फरक पडला नसता."

डॉक्टरीणबाईला वाटलं, हिला पानाची तलफ आहे. ती हसली. देल्सीने आईचे पाय सोडले आणि ती तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसली. मामा उठून गेला तो क्षण तिच्याही डोळ्यांसमोर आला असणार. मला तिथे बसवेना. बाहेर जाऊन मी जावाच्या त्या पोराला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. मग त्याचा सुकलेला चेहरा आठवला आणि शिव्याही संपल्या. शब्द त्याने थोडाच बनवला होता.

ऑपरेशन झालं. गाठ बाटलीत घालून डॉक्टरीणबाईने आम्हाला दाखवली. सुपारीएवढी, पिवळी, कोंबडीच्या चरबीसारखी मऊ. अर्धी ग्रंथी आणि अर्धी चरबीच, असं तपासणीत निघालं. अशी गाठ फार क्वचित होते, म्हणाली, मी पुस्तकातच बघितली होती; म्हणून तर सोनोग्राफीत चरबीत चरबी दिसली. इतर डॉक्टर बाटली बघायला येऊन गेले. ओर्पाने एकदा बघितली आणि म्हणाली, "एवढीशी." दुसऱ्या दिवशी तिची बोटं आणि ओठ झिणझिणायला लागले. आता रक्तात चुना कमी पडत होता; उपाशी हाडं तो ओढून घेत होती. डॉक्टरीणबाईने चुन्याच्या गोळ्या दिल्या, दिवसातून अनेकदा. मी म्हटलं, "घे, आता सरकारच चुना खाऊ घालतंय." ओर्पा हसली नाही.

मोडलेल्या मांडीत सळई घातली होती; तीन-चार महिन्यांनी ती काठीवर चालायला लागली. तहान गेली, हाडांची ठणक गेली, आणि मनावरचं ते मळभही, जे आम्ही पितरांच्या नावावर खपवत होतो, ते गेलं. मला वाटलं, आता जुनी ओर्पा परत येणार. ती चिंचेखाली येऊन बसली आणि म्हणाली, "तबे, आजारात बरं होतं गं. सगळंच दुखत होतं. दुखणं कुठलं आणि दादा कुठला, वेगळं कळत नव्हतं. आता बाकी काही दुखत नाही." 

तिने मला माळ्यावर चढवलं. टोपली कणसांच्या मागे होती, धुराने काळी पडलेली. बाजारातून ताजी सुपारी आणली, पानवेलीची कणसं आणली, चुना आणला. खलबत्ता पिशवीत घातला, आणि मोटारसायकलवरून आम्ही धारेवर गेलो.

येरमियासची कबर त्याच्या घरापुढेच आहे, सिमेंटची, वर पांढऱ्या फरश्या. निको दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. बाप गेल्यावर देल्सीच्या मामाची जागा आता त्याची होती; लग्नाला हो म्हणायचं ते त्यानेच. त्याने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ओर्पाने त्याला काही समजावलं नाही. गाठ, ग्रंथी, जावाचा कागद, यातलं काही नाही. ती पाय लांब करून कबरीजवळ बसली, खलबत्ता काढला आणि सुपारी कुटायला लागली. ठकठक अंगणभर झाली. आतून निकोची बायको बाहेर येऊन उभी राहिली.

कुटून कुटून पीठ झालं. तिने त्यात कणीस कुस्करलं, चुना घातला, अगदी मोजका, त्याला लागायचा तेवढा. अर्धं फरशीवर ठेवलं आणि अर्धं स्वतःच्या तोंडात घातलं. वर्षाहून जास्त दिवसांनी. चुन्याने जीभ पोळली असणार, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती चघळत राहिली, आणि तिचे ते पांढरे दात हळूहळू लाल व्हायला लागले.

निको पायरी उतरून जवळ आला. खाली फरशीवरच्या त्या लालसर पिठाकडे बघत म्हणाला, "आत्या, मेलेल्या माणसाला अख्खी सुपारी ठेवतात. कुटलीस कशाला?"

"त्याला दात कुठे होते रे," ओर्पा म्हणाली.

निको तिथेच, तिच्यापासून हातभर अंतरावर, मातीत बसला. टोपली मात्र त्याने आणली नाही.